एडिनबरातल्या त्या बंद खिडक्या आणि खिडकीवरचा टॅक्स

स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या न्यू टाऊन या भागात फिरताना कोणीतरी सांगतंच की बघ, त्या खिडक्या टॅक्स वाचवायला दगडाने बुजवल्यात. हे बऱ्याचदा खरं नसतं. खिडकीवरचा टॅक्स होता हो, इंग्लंडमधे 1696 पासून, स्कॉटलंडमधे 1748 पासून, आणि 1851 ला रद्द झाला, आणि काही लोकांनी खरंच खिडक्या बुजवल्या. पण न्यू टाऊनमधल्या बऱ्याच आंधळ्या, म्हणजे नुसता आकार असलेल्या पण बंद, खिडक्या बांधतानाच तशा ठेवलेल्या आहेत!

कारण सिमेट्री. न्यू टाऊनमधल्या शार्लट स्क्वेअर या चौकाचंच घ्या, आर्किटेक्ट रॉबर्ट ॲडमचं डिझाइन, 1791 चं. उत्तर बाजूची ओळीतली वेगवेगळी घरं त्याने अशी मांडली की समोरून सगळी मिळून एकच राजवाडा वाटावा. आता अशा घरांमधे जिथे आत फायरप्लेस आणि चिमणीचं धुराडं भिंतीतून वर जातं तिथे खिडकी काढणार कशी, पण बाहेरून तिथेच रिकामी भिंत सोडली तर ओळ तुटते, म्हणून खिडकीचा नुसता आकार द्यायचे, कधी काळा रंग देऊन काचांमधल्या पांढऱ्या पट्ट्यासुद्धा रंगवायचे.

पुढच्या वेळी नीट बघा, आतला दगड आजूबाजूच्या भिंतीसारखाच घडवलेला आणि थरही जुळत असतील तर बहुतेक ती कधी उघडी नव्हतीच. मला तरी ही खरी गोष्ट टॅक्सच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते.