सूक्ष्मवाचन

छोट्या मजकुराचे शब्दाशब्दाशी थांबून, पुन्हा पुन्हा केलेले वाचन म्हणजे सूक्ष्मवाचन. लेखक काय म्हणतो, एवढे कळून त्यात भागत नाही. ते कोणत्या शब्दांत आणि कोणत्या क्रमाने म्हटले आहे, त्याने अर्थ कसा बदलतो, याचा शोध घ्यावा लागतो.

अध्यापनपद्धती म्हणून तिची सुरुवात सहसा इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांच्या केंब्रिज विद्यापीठातील प्रयोगाशी जोडली जाते. ते विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता देत आणि आठवडाभराने लेखी अभिप्राय गोळा करत. अशा तेरा कवितांवरील अभिप्रायांची चिकित्सा त्यांनी १९२९ साली ग्रंथरूपाने मांडली. नाव झाकताच साहित्याच्या विद्यार्थ्यांचीही भंबेरी उडाली होती. रिचर्ड्स यांनी वाचनातील दहा अडचणी नोंदवल्या. त्यांतली पहिली म्हणजे कवितेचा साधा, सरळ अर्थच न लागणे. ओळखीचा विषय दिसताच ठरलेली भावना उमटणे, ही आणखी एक. त्यांचे विद्यार्थी विल्यम एम्पसन यांनी १९३० मध्ये अनेकार्थतेचे सात प्रकार मांडले. पुढे अमेरिकेत क्लिअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांच्या १९३८ च्या पाठ्यपुस्तकाने ही पद्धत महाविद्यालयांच्या वर्गांत रुजवली.

बारकाईने वाचण्याची शिस्त आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरवताना उपक्रम (आरंभ), उपसंहार (शेवट), अभ्यास (पुनरुक्ती), अपूर्वता (नवेपणा), फल (परिणाम), अर्थवाद (स्तुती-निंदा) आणि उपपत्ती (युक्तिवाद) पाहावीत, हा मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचा, दंडक. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) गीतेला हीच कसोटी लावली. फरक मात्र मोठा आहे. मीमांसकाला शेवटी एक तात्पर्य हवे असते, तर एम्पसनला एकाच ओळीत नांदणारे अनेक अर्थ.

वर्गात ही पद्धत कशी चालते, हे केशवसुतांच्या ‘तुतारी’वरून (१८९३) पाहता येईल. ‘एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन मी जी स्वप्राणाने’ या ओळी शिक्षकाने प्रस्तावनेविना वाचायच्या. ‘कवीला काय हवे आहे?’ या प्रश्नाला विद्यार्थी लगेच ‘सामाजिक क्रांती’ म्हणतात. हे उत्तर चूक नाही, पण ते कवितेतून आलेले नसते. मग प्रश्न बदलायचा. तुतारी दुसऱ्याने आणून द्यायची आणि प्राण मात्र स्वतःचा, असे का? पुढे गगने भेदते ती तुतारीची ‘दीर्घ किंकाळी’. नाद किंवा ललकारी का नाही? किंकाळी वेदनेची असते, भीतीचीही असते. एवढे लक्षात आले की नुसत्या आवेशाची वाटणारी कविता अस्वस्थ वाटू लागते. ‘कशावरून?’ असे विचारल्यावर ओळीवर बोट ठेवता आले पाहिजे, एवढाच वर्गाचा नियम. पेन्सिलीने खुणा करणे, समासात शंका लिहिणे ही त्याची साधने. दोन-तीन वाचनांनंतरच कवी आणि काळ यांची माहिती द्यावी.

मजकूर लहानच हवा. अख्खी कादंबरी अशी शिकवायला घेतली तर वर्ष संपते आणि गोडीही. वृत्तपत्रातला अग्रलेख किंवा इतिहासातले एखादे पत्र यांवरही ही पद्धत चांगली चालते.

संदर्भ पूर्णपणे बाजूला ठेवण्यावरचा आक्षेप रास्त आहे. जातवास्तव ठाऊक नसलेल्याला दलित कवितेतला एखादा शब्द कितीही वेळा वाचला तरी पुरता उलगडत नाही. लेखकाची ओळख तिथे अर्थाचाच भाग असते. महाराष्ट्रातील शालेय परीक्षांमधला रसग्रहणाचा प्रश्न या पद्धतीचा जवळचा नातलग. पण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा ठरीव मुद्द्यांखाली गाइडमधली वाक्ये उतरवली जातात, आणि ‘ओघवती भाषा’ हा शेरा कोणत्याही कवितेला चिकटवता येतो.