‘पॅरानॉइड’ घेताय? हे पान कव्हरमध्येच ठेवा

आमच्या दुकानात ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडच्या ‘पॅरानॉइड’ या अल्बमबद्दल जितके प्रश्न येतात तितके दुसऱ्या कुठल्याच रेकॉर्डबद्दल येत नाहीत. प्रश्नही तेच तेच. काउंटरवर उत्तरं देत बसलं की मागची माणसं खोळंबतात, म्हणून हे पान छापून घेतलं. रेकॉर्डबरोबर फुकट.

पहिला प्रश्न कव्हरचा. हेल्मेट घालून, ढाल-तलवार घेऊन झाडामागून उडी मारणारा हा माणूस कोण, आणि त्याचा ‘पॅरानॉइड’ या नावाशी काय संबंध? काहीच नाही. अल्बमचं नाव आधी ‘वॉर पिग्ज’ ठरलं होतं, म्हणजे युद्ध पेटवून स्वतः मागे बसणारी डुकरं. कव्हरचा फोटो त्या नावासाठी काढला. मग रेकॉर्ड कंपनीने नाव बदललं आणि फोटो तसाच राहिला. ‘पॅरानॉइड’ हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची वेगळी रेकॉर्ड म्हणून, जोरात चाललं होतं, हे एक कारण. व्हिएतनामचं युद्ध चालू असताना असलं नाव नको, असंही एक सांगितलं जातं. बँडला ते कव्हर कधीच आवडलं नाही. आम्हालाही नाही, पण भिंतीवर लावलं की लोक थांबून बघतात हे खरं.

दुसरा प्रश्न: हे एवढं जड वाजतं कसं? याचं उत्तर बर्मिंगहॅममध्ये आहे. बँडमधले चौघंही तिथल्या ॲस्टन भागातले. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. वय 17, नोकरीचा शेवटचा दिवस. प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून त्याला तिथे उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. भोसरी-चाकणला प्रेस शॉपमध्ये काम केलेल्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. गिटार संपली असं धरून तो बसला होता. तेव्हा कारखान्यातल्या फोरमननेच त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत दोन बोटं निकामी झाल्यावरही जगभर नावाजलेला हा गिटारवादक.

मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी अंगुस्तानासारख्या टोप्या बनवल्या आणि वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं म्हणून पातळ तारा हव्या होत्या. त्या तेव्हा सहज मिळत नव्हत्या, म्हणून बँजोच्या तारा चढवल्या. टोप्यांमुळे बोटाखालची तार जाणवत नाही. त्यामुळे अवघड पकडी टाळून दोन-तीन सुरांचे भरीव, ठाशीव तुकडे वाजवायचे, तेच पुन्हा पुन्हा घोटायचे आणि बास गिटारला त्यांच्यासोबत चालवायचं, अशी त्याची रीत बनत गेली. हेवी मेटलचा रिफ म्हणतात तो यातून घडला.

इथे एक दुरुस्ती. ‘गिटारच्या तारा सैल करून सूर खाली उतरवला म्हणून सॅबथ जड वाजतं’ असं गिटार शिकणारी मुलं आम्हाला नेहमी सांगतात. ते खरं आहे, पण 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बमपासून पुढे. ‘वॉर पिग्ज’, ‘आयर्न मॅन’ आणि ‘पॅरानॉइड’ साध्या, नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच आहेत. घरी गिटार असेल तर तारा सैल न करता रेकॉर्डबरोबर वाजवून बघा.

आता रेकॉर्डिंग. त्यांचा पहिला अल्बम एका दिवसात उरकला होता. हा 1970 च्या जूनमध्ये लंडनच्या रीजंट साउंड आणि आयलंड या स्टुडिओंत झाला. निर्माता रॉजर बेन, ध्वनिमुद्रक टॉम ॲलम. या वेळी थोडे जास्त दिवस मिळाले, पण ऐषआराम नव्हताच. बरीचशी गाणी कार्यक्रमांत वाजवून वाजवून पक्की झालेली होती. सगळं संपत आलं तेव्हा लक्षात आलं की अल्बम थोडा तोकडा पडतोय, तीनेक मिनिटांचं काहीतरी भरतीला हवं. बाकीचे जेवायला गेले असताना आयोमीने एक रिफ काढला. बास वाजवणाऱ्या गीझर बटलरने घाईघाईत शब्द लिहिले आणि गायक ऑझी ऑझबर्नने कागदावर बघून ते गाऊन टाकले. तेच ‘पॅरानॉइड’. गंमत म्हणजे गाण्यात हा शब्द कुठेच येत नाही. भरतीचं हे गाणं ब्रिटनच्या सिंगल यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं. 18 सप्टेंबर 1970 ला आलेला अल्बम तिथे पहिल्या क्रमांकावर पोचला. पुन्हा तो क्रमांक मिळायला त्यांना 2013 उजाडावं लागलं.

तक्रार घेऊन येण्याआधी पुढचे परिच्छेद जरूर वाचा.

‘वॉर पिग्ज’च्या शेवटी वेग वाढत जातो आणि सूर वर चढतो. तुमचा टर्नटेबल बिघडलेला नाही, पट्टाही सैल झालेला नाही. टेपच मुद्दाम पळवलेली आहे. ‘प्लॅनेट कॅरॅव्हॅन’मध्ये आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, तेही मुद्दाम. ऑझीचा आवाज लेस्ली स्पीकरमधून, म्हणजे ऑर्गनसाठी वापरतात त्या फिरत्या स्पीकरमधून काढलाय. पियानो वाजवलाय ध्वनिमुद्रक ॲलमने. जुनी प्रत घेताना आम्ही हेच गाणं लावून दाखवतो. सगळ्या अल्बममधलं सगळ्यात शांत गाणं, त्यामुळे धूळ, ओरखडे, झीज काहीच लपत नाही. कोणी विक्रेता ‘पॅरानॉइड’ लावून ‘बघा, एकदम स्वच्छ’ म्हणाला तर त्याला सुई एक गाणं पुढे ठेवायला सांगा.

‘आयर्न मॅन’ घरी खरखरतं, फोनवर मात्र छान वाटतं, ही तक्रार महिन्यातून एकदा तरी येते. हे गाणं पहिल्या बाजूचं शेवटचं, लेबलाच्या अगदी जवळ. रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटीमीटर खाच सरकते, लेबलाजवळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्याच आवाजाला कमी जागा मिळते, आणि सुई जरा तिरकी बसली असेल तर पहिली रडते ती इथेच. बाजू उलटल्यावर ‘फेअरीज वेअर बूट्स’चंही तेच. रेकॉर्ड परत करू नका, टर्नटेबल दुकानात आणा. सुईचा कोन आणि वजन आम्ही इथे घेतलेल्या रेकॉर्डवर फुकट लावून देतो.

(सिनेमा बघून ‘आयर्न मॅन’ शोधत येणाऱ्यांसाठी: 2008 च्या त्या सिनेमाच्या शेवटी वाजतं ते हेच गाणं, पण गोष्ट वेगळी. इथला माणूस भविष्यात जाऊन जगाचा विनाश बघतो, परतताना पोलादाचा होतो, कोणी त्याचं ऐकत नाही, आणि शेवटी तो विनाश तोच घडवतो.)

अमेरिकन प्रतीच्या कव्हरवर ‘ल्यूक्स वॉल’ आणि ‘जॅक द स्ट्रिपर’ अशी दोन जास्तीची नावं दिसतात. गाणी आठच आहेत. एकाच्या शेवटच्या आणि दुसऱ्याच्या सुरुवातीच्या वाद्यतुकड्याला तिथे वेगळी नावं दिली, इतकंच.

कुठली प्रत घ्यावी? पहिल्या ब्रिटिश प्रतींवर व्हर्टिगो कंपनीचं काळं-पांढरं भोवऱ्याचं लेबल असतं, क्रमांक 6360 011. बघत राहावंसं लेबल, आणि किंमतही तशीच. ऐकण्यासाठीच घेत असाल तर नवी छापील प्रत घ्या, उरलेल्या पैशांत चांगली सुई बसवा. हे बोलून आम्ही स्वतःचंच नुकसान करतोय, पण झिजलेली महागडी प्रत विकून गिऱ्हाईक गमवण्यापेक्षा ते परवडतं.

या अल्बमनंतर काय काय झालं ते लिहायला हे पान पुरणार नाही. दोनच गोष्टी सांगतो. ध्वनिमुद्रक टॉम ॲलमने दहा वर्षांनी जूडास प्रीस्टचा ‘ब्रिटिश स्टील’ केला, तोही बँड बर्मिंगहॅमकडचाच. आणि स्वीडनच्या कार्डिगन्स या बँडने 1996 साली ‘आयर्न मॅन’ इतकं हळुवार गायलं की आमच्याकडे ते लावलं तर ओळखणारा दहात एखादाच निघतो.

5 जुलै 2025 ला चौघं शेवटचे एकत्र वाजवायला उभे राहिले ते ॲस्टनमध्येच, व्हिला पार्कच्या फुटबॉल मैदानावर. ऑझी खुर्चीत बसून गायला. चार गाणी झाली, त्यातली तीन या रेकॉर्डवरची: ‘वॉर पिग्ज’, ‘आयर्न मॅन’ आणि सगळ्यात शेवटी ते भरतीचं. 22 जुलैला ऑझी गेला. त्या आठवड्यात दुकानातल्या या अल्बमच्या सगळ्या प्रती संपल्या. भिंतीवरची तेवढी आम्ही विकली नाही. ती अजून तिथेच आहे, मागितली तर वाजवून दाखवू.