तनखा, ध्वनिचाचणी आणि सहामाही हप्ता : शास्त्रीय गायक-वादकांच्या अर्थसाहाय्याची पार्श्वभूमी

शास्त्रीय संगीतासाठीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज हातात घेतला की ठरावीक रकाने दिसतात. गुरूचे नाव, घराणे, तालमीची वर्षे, उत्तीर्ण परीक्षा, आकाशवाणीची श्रेणी असल्यास ती, आणि काही योजनांत पुढच्या दोन वर्षांच्या कामाचा आराखडा. हे सगळे रकाने एका बैठकीत ठरलेले नाहीत. घराण्याचा रकाना दरबारातून आला, परीक्षेचा विष्णु दिगंबर पलुसकरांच्या संगीत विद्यालयातून, श्रेणीचा नभोवाणीतून आणि आराखड्याचा दिल्लीच्या मंत्रालयातून. बरेच अर्ज मागे पडतात ते गाणे कच्चे म्हणून नव्हे. मंत्रालयाने विचारलेल्या प्रश्नाला दरबाराचे उत्तर दिलेले असते म्हणून.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गवयाचा मुख्य आधार होता संस्थानिकांचा. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या काळात गवई, बीनकार, सारंगिये, तबलजी, नर्तकी या सगळ्यांचे ‘कलावंत कारखाना’ नावाचे खातेच होते. खाते म्हटल्यावर हजेरी आली, पगाराच्या पायऱ्या आल्या, शिस्तीचे नियमही आले. मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली 1886 मध्ये तिथे गायनशाळा निघाली. तिचाच वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाकडे आहे. पुढे आग्रा घराण्याचे फैयाज खाँ याच दरबाराचे गायक झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला आणि जयपूर घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली.

दरबारी तनख्याचा गुण असा, की तो कार्यक्रमागणिक मिळत नसे. दरबारात असण्याचे पैसे मिळत, त्यामुळे रियाजाला आणि शिष्यांना वेळ उरे. दोष तितकाच ठळक. सगळी भिस्त एका माणसाच्या आवडीवर. शाहू महाराज 1922 मध्ये गेले आणि अल्लादिया खाँसाहेब मुंबईला आले. तिथला आश्रय व्यापाऱ्यांचा आणि धनिकांचा होता, शिकवणीच्या अटी घासाघीस करून ठरत. केसरबाई केरकरांना मिळालेली तालीम याच मुंबईतली.

दरबाराबाहेर पोट भरता येते, हे ठरवून दाखवले विष्णु दिगंबर पलुसकरांनी. ते मिरजेत, तिथल्या संस्थानाच्या मदतीने, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली. 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघाले, 1908 मध्ये मुंबईत शाखा आली. आजच्या निवासी शिष्यवृत्तीच्या दृष्टीने त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती ‘उपदेशक’ वर्ग. विद्यार्थ्याने नऊ वर्षे राहण्याचा करार करायचा. राहणे, जेवण, शिक्षण विद्यालयाचे. तयार झाल्यावर त्याने शिक्षक म्हणून काम करायचे. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर ही पिढी विष्णु दिगंबरांच्या हाताखाली घडली.

पैशाच्या बाजूने मात्र हा डोलारा कच्चा होता. फी, तिकिटे, देणग्या आणि कर्ज यांवर इमारत उभी राहिली. कर्ज थकले आणि 1920 च्या दशकात मुंबईची वास्तू सावकारांनी लिलावात काढली. विष्णु दिगंबर 1931 मध्ये वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि संस्थेचा भार इमारतीवरून परीक्षेवर गेला. प्रारंभिक ते विशारद, पुढे अलंकार ही शिडी आज गावोगावच्या क्लासांना धरून आहे. या प्रमाणपत्राने शाळा-महाविद्यालयात शिकवण्याची वाट मोकळी होते, अर्जात तालमीचा पुरावा म्हणूनही ते चालते. मैफलीचे आमंत्रण त्याने मिळत नाही. अर्जाबरोबर सहा प्रमाणपत्रांच्या छायाप्रती जोडून ध्वनिमुद्रण मात्र मोबाइलवर, पंख्याच्या घरघरीत केलेले पाठवणारे अर्जदार हा फरक विसरतात.

संगीतशास्त्राचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंडे यांच्या संगीत परिषदांचा वाटा वेगळा. पहिली परिषद 1916 मध्ये बडोद्यालाच झाली. निधी देणे हा तिचा हेतू नव्हता. पण वेगवेगळ्या घराण्यांच्या गायकांना एका मंचावर बसवून जाणकारांसमोर ऐकायचे, ही रीत तिथून पक्की झाली.

आज स्पर्धा किंवा निवड म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते ते रेडिओने घडवले. बाळकृष्ण केसकर 1952 ते 1962 माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 1954 पासून रेडिओ संगीत संमेलन आले, आणि कलाकारांची ध्वनिचाचणी देशभर एका पद्धतीत बसवली गेली. या कामात भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर पुढे होते. अनेक नावाजलेल्या कलाकारांनी तेव्हा जोरदार विरोध केला. मैफली गाजवलेल्या माणसाने मंडळासमोर बसून परीक्षा द्यावी, हे त्यांना अपमानाचे वाटले. तक्रारीत तथ्य होते. पण घराण्याचे वलय नसलेल्या मुलामुलींना आत शिरायची तीच पहिली सरकारी वाट होती, हेही खरे. बी, बी-हाय, ए आणि टॉप या श्रेण्यांवर बिदागी ठरू लागली. आयोजक आजही परिचयपत्रात आधी श्रेणी पाहतात.

चाचणीची घडण समजून घेतली तर तयारीची दिशा कळते. अर्जदाराने रागांची यादी द्यायची आणि परीक्षकांनी त्यातला राग सांगायचा. यादी फुगवण्यात शहाणपण नाही. मारवा लिहिला की पूरिया आणि सोहनीपासून तो वेगळा ठेवता आला पाहिजे. दरबारी लिहिला की अडाणा टाळता आला पाहिजे. परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात. लांबलचक यादीतला अर्धाकच्चा राग विचारला गेला तर उरलेल्या पक्क्या रागांचा काही उपयोग राहत नाही.

वेळेचे गणित त्याहून निर्दय. निवडीच्या बहुतेक बैठकांत साधारण दहा मिनिटे हाती येतात. अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ, एकतालात एक मात्रा (तालातला एक ठोका) पाच सेकंदांची धरली तर बारा मात्रांचे आवर्तन (तालाची एक फेरी) एक मिनिटाचे. दीड मिनिट आलाप, तीन मिनिटे द्रुत (जलद लयीची बंदिश) बाजूला काढले की बड्या ख्यालाला (संथ लयीच्या मुख्य बंदिशीला) पाच आवर्तने उरतात, आणि तीही तबला एका ठेक्यात जुळला तरच. गायक मध्य सप्तकातल्या पंचमापर्यंत पोचतो आणि घंटा होते. हाच एकताल दोन सेकंदांच्या मात्रेने घेतला तर आवर्तन 24 सेकंदांचे, म्हणजे तेवढ्याच वेळात तेरा आवर्तने. तेवढ्यात अस्थायी, अंतरा (बंदिशीचे दोन भाग), बोलआलाप, थोडे बोलतान (शब्द घेऊन केलेले आलाप आणि ताना) बसवता येते. किराणा घराण्याच्या संथ बढतीपेक्षा (रागाच्या हळूहळू विस्तारापेक्षा) ग्वाल्हेर घराण्याची मध्यलयीकडे झुकलेली मांडणी अशा बैठकीत सोयीची पडते, ती एवढ्यामुळे. हा गायकीतल्या उच्चनीचतेचा प्रश्न नव्हे. किराण्याच्या विद्यार्थ्याने लय थोडी चढी ठेवून बसवलेली एक वेगळी मांडणी तयार ठेवावी. ऐन वेळी लय वाढवली की बंदिशीचे शब्द मात्रांवरून घसरतात.

स्वर लावण्यातही वेळ जातो. ‘काळी एक’ की ‘पांढरी चार’ (हार्मोनियमच्या पट्टीवरून सांगितलेला गायकाचा षड्ज) हे साथीदाराला आदल्या दिवशी कळलेले असले पाहिजे, कारण तबला त्या पट्टीचा लागतो. तबल्याची पुडी (वरचे कातडे) अर्ध्या-एक सुराच्या पुढे ओढली की नाद बसतो. वादकांनी तारा तासभर आधी त्या खोलीतल्या हवेत ठेवाव्यात. वातानुकूलित स्टुडिओत सतार बाहेरच्या सुरात राहत नाही. एक जुनी गोष्ट जाता जाता: 1940 मध्ये रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला 1971 उजाडले. साथीचे वाद्यसुद्धा आश्रयदाता ठरवतो, ते असे.

आकाशवाणीची संगीत स्पर्धा 16 ते 24 वयोगटासाठी, आधी केंद्रपातळीवर आणि मग अंतिम फेरी अशी होत आली आहे. तिचे मोल रोख बक्षिसात नाही, प्रसारणाच्या वाटेत आहे. कोलकात्याच्या डोव्हर लेन संगीत परिषदेची नवोदितांसाठीची स्पर्धा आणि मुंबईच्या सूर सिंगार संसदेचे ‘कल के कलाकार’ संमेलन व ‘सूरमणी’ पदवी यांचेही तसेच. पैसा थोडा, पण योग्य माणसे ऐकायला बसलेली.

संस्थाने 1948-49 मध्ये विलीन झाली, तनखे आटले, 1971 मध्ये राजांना सरकारकडून मिळणारे स्वतःचे तनखेही बंद झाले. मधल्या काळात केंद्र सरकार आश्रयदाता बनले होते. संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन 28 जानेवारी 1953 रोजी झाले. अकादमीचे पुरस्कार मुख्यतः घडून गेलेल्या कारकिर्दीला मिळत. चाळिशीच्या आतल्या कलाकारांसाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार यायला 2006 उजाडले. त्याची रक्कम 25 हजार रुपये. त्यातून एक बरा तानपुरा येतो, वर्ष निघत नाही.

वर्ष काढायला उपयोगी पडतात त्या संस्कृती मंत्रालयाच्या योजना. त्यांचे अर्ज 1979 मध्ये स्थापन झालेले सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र पाहते. 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी प्रतिभाशोध शिष्यवृत्ती आहे. 18 ते 25 वयासाठी तरुण कलाकार शिष्यवृत्ती: महिना 5,000 रुपये, दोन वर्षे, म्हणजे 1,20,000 रुपये, चार सहामाही हप्त्यांत 30 हजारांप्रमाणे. गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिकल्याचा पुरावा लागतो. गुरूच्या पत्रात ‘अनेक वर्षांपासून माझ्याकडे शिकत आहे’ असे असून भागत नाही. कोणत्या महिन्यापासून, आठवड्यातून किती वेळा, आतापर्यंत कोणते राग, हे लिहून घ्यावे. दोन गुरू झाले असतील तर दोघांची पत्रे घ्यावीत आणि तारखा एकमेकांवर चढणार नाहीत हे पाहावे.

पुढची पायरी फेलोशिपची, आणि सर्वाधिक गोंधळ इथे. कनिष्ठ फेलोशिप 25 ते 40 वयासाठी, महिना 10 हजार. वरिष्ठ चाळिशीपुढच्यांसाठी, महिना 20 हजार. दोन्ही दोन वर्षांच्या. पण ही संशोधनाची फेलोशिप आहे, शिक्षणाची नाही. ‘मला अमुक पंडितांकडे पुढची तालीम घ्यायची आहे’ असा अर्ज नियमातच बसत नाही. कार्यशाळा भरवणे किंवा आत्मचरित्र लिहिणे हेही त्यात येत नाही. ज्याला ‘प्रोजेक्ट’ हा शब्दच गाण्याशी परका वाटतो, त्या गवयाने काय करावे? स्वतःच्या तालमीतूनच प्रश्न काढावा. समजा, विषय आहे जयपूर घराण्यातले जोडराग (दोन राग जोडून केलेले राग) आणि त्यांच्या बंदिशींची वेगवेगळ्या शिष्यशाखांतली रूपे. पहिल्या सहामाहीत बंदिशींची यादी आणि उपलब्ध ध्वनिमुद्रणे, दुसरीत ज्येष्ठांकडून पाठभेद नोंदवणे, तिसरीत स्वरलेखन, चौथीत सप्रयोग मांडणी. हे चार तुकडे चार हप्त्यांना आपसूक जुळतात, कारण पुढचा हप्ता मागच्या अहवालावर अवलंबून असतो. अहवाल उशिरा गेला की पैसे अडकतात, आणि मग फेलो शिकवण्या वाढवतो, काम मागे पडते, पुढचा अहवाल आणखी उशिरा जातो. म्हणून पहिली सहामाही स्वतःच्या शिलकीतून काढता येईल एवढी तजवीज करूनच अर्ज करावा.

निवासी तालमीचा धागा मात्र सरकारपेक्षा इतरत्र जास्त टिकला. कोलकात्याच्या टॉलीगंजमध्ये आयटीसी कंपनीने 1977 च्या सुमारास संगीत रिसर्च अकादमी उभी केली. गुरूंना आवारातच घरे, शिष्यांना विद्यावेतन, शिकवणे समोरासमोर. निसार हुसेन खाँ, गिरिजा देवी, कोल्हापूरचे निवृत्तीबुवा सरनाईक अशी माणसे तिथे गुरू म्हणून राहिली. 1993 पासून उल्हास कशाळकरही. निसार हुसेन खाँसाहेबांबरोबर आलेला रशीद खाँ तिथेच तयार झाला. प्रवेशाला वजन गळ्याचे आणि तालमीचे, पदवीचे नव्हे. तोच प्रकार 1981 मध्ये मध्य प्रदेश शासनाने भोपाळच्या ध्रुपद केंद्रात केला; ध्रुपद ही ख्यालाहून जुनी गायनशैली. झिया फरीदुद्दीन डागर तिथे शिकवत आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती असे. गुंदेचा बंधू आणि पुण्याचे उदय भवाळकर हे तिथले विद्यार्थी. एका राज्याच्या एका खर्चशीर्षातून एक जवळजवळ विझत आलेली गायकी पुन्हा उभी राहिली, असे हे उदाहरण दुर्मीळ आहे. छोट्या प्रमाणावर, विद्यार्थ्यांमध्ये शास्त्रीय संगीताचा प्रसार करणाऱ्या स्पिक मॅके संस्थेची गुरुकुल अनुभव शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला काही आठवडे गुरूच्या घरी राहायला पाठवते. तेवढ्याने गायकी येत नाही, पण गुरूचा सकाळचा रियाज कानावर पडतो.

या सगळ्या योजनांत गायक आहे, वादक आहे, संशोधक आहे, बंदिशकार नाही. दरबारात नवी बंदिश हा गवयाच्या कामाचाच भाग धरला जाई, वेगळा मोबदला नसे. रेडिओने श्रेणी दिली ती सादरीकरणाला. पाश्चात्त्य संगीतात ऑर्केस्ट्रा रचनाकाराला पैसे देऊन नवी कृती मागवतो, तशी रीत ख्यालाच्या दुनियेत पडलीच नाही. त्यामुळे नव्या बंदिशी बांधणाऱ्याला आज अर्ज करायचा तर तो कनिष्ठ किंवा वरिष्ठ फेलोशिपमध्ये, सर्जनाला संशोधनाचा पोशाख घालून करावा लागतो. अशा अर्जात ‘पन्नास बंदिशी रचीन’ असे लिहू नये. कोणत्या रागांत, कोणत्या तालांत, बोलीभाषा कोणती, आणि त्या तालांत वा रागांत पारंपरिक बंदिशी कमी का आहेत, हे लिहावे. झपतालातल्या विलंबित रचना किंवा रूपकातले बडे ख्याल असा नेमका विषय घेतला, तर कोणती उणीव भरून निघणार आहे हे समितीला अर्जातूनच कळते.