हक्क मिळाले, पण चॅनेल दिसतंय कुठे?

1 सप्टेंबर 2007. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला कॉलेज फुटबॉलचा (त्यांचा, हेल्मेटवाला) मोसमातला पहिला सामना. यजमान मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर, समोर खालच्या गटातलं अ‍ॅपालॅचियन स्टेट. अगदी शेवटच्या क्षणी मिशिगनची फील्ड गोलची किक अडवली गेली आणि पाहुण्यांनी सामना 34-32 असा मारला. इतका मोठा धक्का कॉलेज फुटबॉलमध्ये क्वचितच बसला असेल. पण खुद्द मिशिगनमधल्या असंख्य घरांत तो टीव्हीवर दिसलाच नाही. सामना होता दोन दिवसांपूर्वी सुरू झालेल्या बिग टेन नेटवर्कवर, आणि त्या भागातली मोठी केबल कंपनी कॉमकास्ट हे चॅनेल दाखवतच नव्हती.

आता सामन्याचे हक्क कोणाकडे होते? चॅनेलकडेच. चॅनेल कोणाचं? तेव्हा 51 टक्के बिग टेनचं, म्हणजे मिशिगन ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्या कॉन्फरन्सचं, आणि 49 टक्के फॉक्सचं. म्हणजे घरचाच मांडव. तरीही घोडं अडलं, कारण हक्कांचा करार वेगळा आणि कॅरेजचा, म्हणजे चॅनेल घरोघर पोचवण्याचा, करार वेगळा. बातम्या वाचताना या दोन्हींची सरमिसळ हमखास होते.

हक्कांचा करार तसा सरळ. कॉन्फरन्स म्हणते, हे सामने आमचे, दाखवायचे तर इतके पैसे द्या. समोर एखादं नेटवर्क, फार तर दोन-तीन. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-12 या कॉन्फरन्सने 2011 मध्ये इएसपीएन आणि फॉक्सशी 12 वर्षांचा, सुमारे 3 अब्ज डॉलरचा असाच करार केला. मथळे होतात ते याच आकड्यांचे.

कॅरेज म्हणजे चॅनेल आपल्या यादीत घेऊन ते घरोघर पोचवणं. हा करार चॅनेलला प्रत्येक केबल कंपनीशी, प्रत्येक डिशवाल्याशी वेगवेगळा करावा लागतो, आणि त्यात घासाघीस चालते ती सेंटांवर: दर घरामागे महिन्याला किती? आपल्याला इथे आणखी एक गोंधळ होतो. भारतात कॅरेज फी म्हटलं की चॅनेलने केबलवाल्याला द्यायचे पैसे. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2017 च्या नियमांत त्यावर साध्या (एचडी नसलेल्या) चॅनेलसाठी ग्राहकामागे महिना 20 पैशांची मर्यादा घातली होती. अमेरिकेतल्या या चॅनेलांच्या बाबतीत पैसा उलटा वाहतो. केबल कंपनी चॅनेलला पैसे देते आणि ते ग्राहकाच्या बिलातून काढते. ‘कॅरेजवरून वाद’ अशी तिकडची बातमी वाचताना आपल्या केबलवाल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणलं, तर सगळं उलटंच समजेल.

दर हा भांडणाचा अर्धाच भाग. उरलेला, आणि माझ्या मते मोठा, भाग म्हणजे चॅनेल कुठल्या पॅकमध्ये बसणार. तेव्हाच्या वृत्तांनुसार बिग टेनने आपल्या राज्यांत घरामागे महिना 1 डॉलर 10 सेंट मागितले होते आणि बाहेर 10 सेंट. शिवाय चॅनेल हवं होतं बहुतेक सगळे घेतात त्या मूळ पॅकमध्ये. कॉमकास्टचं म्हणणं, ज्यांना खेळ बघायचाय ते वेगळा स्पोर्ट्स पॅक घेतील, त्यात टाकू. वरकरणी कॉमकास्टचं म्हणणं रास्त वाटतं. पण हिशेब मांडून बघा. समजा 10 लाख घरं आहेत आणि दर 70 सेंट. मूळ पॅकमध्ये महिन्याला 7 लाख डॉलर आले. स्पोर्ट्स पॅक त्यांतल्या 1 लाख घरांनीच घेतला, तर उरले 70 हजार. तेवढीच कमाई करायची तर त्या लाख घरांकडून प्रत्येकी 7 डॉलर घ्यावे लागतील, आणि मग त्यांतलेही निम्मे पळतील. थोडक्यात, या चॅनेलांचा डोलारा सामने न बघणाऱ्यांच्या पैशांवर उभा होता. करार अखेर जून 2008 मध्ये झाला. बिग टेनच्या राज्यांत मूळ पॅकची जागा मिळाली, दर मात्र बातम्यांनुसार 70 सेंटांच्या आसपास आला. एक अख्खा मोसम वाया गेला तो गेलाच.

हे गणित कळलं की 2014 मध्ये बिग टेनने न्यू जर्सीचं रटगर्स का घेतलं, हेही कळतं. रटगर्सचा फुटबॉल काही दिपवणारा नव्हता. पण न्यू जर्सी ‘आपलं राज्य’ झालं की तिथल्या घरांमागे वरचा दर मागता येतो. क्रिकेटपलीकडे काही न बघणाऱ्या एडिसनमधल्या मराठी घरानेही केबलचा तो पॅक घेतला असेल, तर बिग टेनच्या झोळीत त्याचा महिन्याचा वाटा पडायला लागला.

उलट उदाहरण पॅक-12 चं. हक्क उत्तम विकले, काही सामने स्वतःच्या चॅनेलसाठी राखून ठेवले, आणि ऑगस्ट 2012 मध्ये पॅक-12 नेटवर्क सुरू केलं, मालकी शंभर टक्के स्वतःची. कॉमकास्ट, टाइम वॉर्नर, कॉक्स आधीपासून सोबत होते. डायरेक्टीव्ही ही डिशवाली कंपनी मात्र अडून बसली. तिच्यावर दबाव आणायला पॅक-12 कडे दुसरं चॅनेलच नव्हतं. दोन वर्षांनी आलेल्या एसइसी (आग्नेय अमेरिकेतली कॉन्फरन्स) नेटवर्कचं बघा: मालक इएसपीएन. त्याच्या बोलणीत मागे इएसपीएन उभं आहे, हे समोरच्याला सांगावं लागत नाही. ऑगस्ट 2014 मध्ये चॅनेल सुरू होण्याआधीच कॉमकास्ट, डिश आणि डायरेक्टीव्ही या तिघांच्याही सह्या झाल्या होत्या. पूर्ण मालकीचा अभिमान पॅक-12 ला महागात पडला, असं मला तरी वाटतं.

पॅक-12 नेटवर्क 30 जून 2024 ला बंद झालं. त्याच ऑगस्टमध्ये बाकीची विद्यापीठं बाहेर पडली आणि कॉन्फरन्समध्ये ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच उरली. डायरेक्टीव्हीशी करार शेवटपर्यंत झाला नाही.