समुपदेशन, विद्यापीठीय

विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मानसिक अडचणीच्या काळात प्रशिक्षित व्यक्तीकडून, गोपनीयतेच्या हमीसह आणि बहुधा विनामूल्य मिळणारे साहाय्य म्हणजे विद्यापीठीय समुपदेशन. परीक्षेची धास्ती, घरापासून दुरावल्याने येणारा एकटेपणा, प्रेमभंग, पैशांची ओढाताण, व्यसन, तसेच चिंताविकार किंवा नैराश्य यांसारख्या आजारांची सुरुवात हे त्याचे नेहमीचे विषय होत. समुपदेशक औषधे देत नाही. तो अधिकार मानसोपचारतज्ज्ञाचा, म्हणजे वैद्यकीय पदवीनंतर या शाखेचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा तिसरा, आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. लोकव्यवहारात या तिघांत फारसा फरक केला जात नाही, आणि ‘त्यांच्याकडे कशाला, मी काय वेडा आहे का?’ हा प्रश्नही तिघांच्या वाट्याला सारखाच येतो.

मराठीत ‘समुपदेशन’ हा शब्द रूढ झाला असला, तरी कामाच्या स्वरूपाशी तो पुरता जुळत नाही. शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे, आणि उपदेश विद्यार्थ्याला घरी, पारावर, वर्गात आणि स्नेहसंमेलनातील भाषणांत पोटभर मिळालेला असतो. प्रत्यक्षात समुपदेशक सल्ला देण्याचे शक्यतो टाळतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४०च्या दशकापासून विकसित केलेल्या व्यक्तिकेंद्री पद्धतीनुसार समोरच्याचा बिनशर्त स्वीकार, त्याच्या जागी उभे राहून समजून घेणे आणि स्वतःच्या वागण्याबोलण्यातील खरेपणा या गोष्टी लाभल्या, तर माणूस आपली वाट बऱ्याच अंशी स्वतःच शोधतो. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्यांनाही बोलीत ‘काउन्सेलिंग’च म्हणतात, त्यामुळे केंद्राची पाटी पाहून कोणत्या शाखेत जागा शिल्लक आहेत, अशी चौकशी करणारेही असतात.

इतिहास : अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९३२ मध्ये विद्यार्थ्यांच्या चाचण्या व मार्गदर्शनासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. सुरुवातीचा भर अभ्यासक्रम व व्यवसाय निवडण्यावर होता. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक मोठ्या संख्येने विद्यापीठांत आले, तेव्हा मनाच्या दुखण्यांकडेही लक्ष वळले. आपल्याकडे, या नोंदीत ज्याचा विशेष विचार केला आहे त्या सातारा जिल्ह्यात, विद्यार्थ्याची काळजी वाहण्याची परंपरा या शब्दाहून जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेथील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. या मायेला समुपदेशन म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. माया करणारा माणूस आपल्याला ओळखतो. समुपदेशनाच्या खोलीत काही गोष्टी समोरचा ओळखीचा नाही म्हणूनच बोलता येतात.

आज जिल्ह्यात रयतच्या महाविद्यालयांच्या समूहातून २०२१ मध्ये उभे राहिलेले कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ, कराडजवळचे कृष्णा विश्व विद्यापीठ हे अभिमत विद्यापीठ आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न अशी अनेक महाविद्यालये आहेत. वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या संस्थेत मानसोपचार विभाग हाताशी असतो, तेवढी तिची सोय अधिक. गरजही तेवढीच मोठी असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे स्वतःहून नोंदवले होते.

खोलीची जागा : जिल्ह्याच्या गावी समुपदेशन केंद्र चालते की नुसते पाटीपुरते राहते, हे बऱ्याचदा त्याचे दार कोठे उघडते यावर ठरते. महानगरात विद्यार्थी गर्दीत हरवून जातो. साताऱ्यात तो राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत गेला, तरी वाटेत गावाकडचे दोघे भेटतात. प्राचार्यांच्या दालनाला लागून, कार्यालयाच्या खिडकीसमोर खोली दिली, की फी भरायला रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या डोळ्यांदेखत आत शिरावे लागते. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर किंवा आरोग्यकेंद्राच्या आतल्या बाजूला तीच खोली असली, तर जाणारा कशासाठी गेला हे कोणाला कळत नाही. वेळेचेही तसेच आहे. मेढा, वडूज, रहिमतपूर या बाजूंनी एसटीच्या पासावर येणारा विद्यार्थी शेवटचा तास सुटताच स्थानक गाठतो, कारण ती गाडी चुकली तर पुढची थेट मुक्कामाची असते. चार ते सहा ही भेटीची वेळ त्याच्यासाठी नसल्यासारखीच. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करणाऱ्या मुलाचा मोकळा वेळ आणखी निराळा. दुपारच्या सुट्टीला जोडून ठेवलेला तास हा या साऱ्यावरचा साधा उपाय होय, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

भेटीचे स्वरूप : पहिली भेट साधारण पाऊण तासाची असते. विद्यार्थी ‘मी निराश आहे’ असे म्हणत आत येत नाही; ‘डोकं जड होतं’, ‘वाचलेलं लक्षात राहत नाही’, ‘करमत नाही’ अशी सुरुवात होते, आणि मूळ गोष्ट कित्येकदा उठून दाराशी गेल्यावर निघते. नैराश्याची प्राथमिक चाचपणी करण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. मागील दोन आठवड्यांत कशातच रस न वाटणे, झोप न लागणे किंवा फार लागणे, थकवा, एकाग्रता न होणे इत्यादी गोष्टींनी किती वेळा त्रास झाला, याला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात; एकूण गुण २७, आणि दहा किंवा अधिक गुण मिळाल्यास पुढील तपासणी आवश्यक मानतात. हे निदान नव्हे. शिवाय छापील मराठीतील ‘उत्साहाचा अभाव’ माणदेशातील मुलाला परका वाटतो. ‘कशात जीव लागत नाही’ म्हटले, की तो लगेच मान डोलावतो. जाणता समुपदेशक म्हणून प्रश्नांचा अर्थ न बदलता ते तोंडी, बोलीत समजावून देतो.

उपचारपद्धतींपैकी अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मराठी विद्यार्थ्याशी बोलताना विशेष उपयोगी पडते, आणि त्याचे एक कारण भाषेत आहे. माणसाला घटना अस्वस्थ करते त्याहून अधिक तिच्याविषयीचा त्याचा हट्ट अस्वस्थ करतो, असे एलिस यांचे प्रतिपादन; तो हट्ट मराठीत एका अक्षरात सापडतो. ‘पहिल्या फटक्यात परीक्षा निघालीच पाहिजे’, ‘एटीकेटी लागली तर तोंड दाखवायला जागाच उरणार नाही’ या वाक्यांतील ‘च’ काढून विद्यार्थ्यालाच ती पुन्हा म्हणायला लावली, तर त्याच्या आवाजातला फरक त्याला स्वतःला ऐकू येतो. अर्थात सगळेच दुखणे विचारांत नसते. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अडकलेली शिष्यवृत्ती, मुंबईत माथाडी काम करणाऱ्या वडिलांचे सुटलेले काम, माण-खटावमध्ये वाया गेलेला हंगाम यांवर ‘च’ काढण्याचा इलाज नाही; तेथे कार्यालयातील लिपिकाला केलेला एक फोन समुपदेशनाच्या दोन बैठकांपेक्षा अधिक उपयोगी पडतो, आणि तो करण्यात समुपदेशकाने कमीपणा मानू नये.

गोपनीयता : मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिच्या आजाराची व उपचारांची माहिती गोपनीय राखली जाण्याचा अधिकार आहे. जिवाला धोका असणे यासारखे अपवाद कायद्यात सांगितले आहेत, आणि ते पहिल्याच भेटीत विद्यार्थ्याला समजावून देणे हा चांगल्या व्यवसायाचा भाग समजला जातो. एकाच आवारात कनिष्ठ महाविद्यालयही भरत असल्याने अठरा वर्षांखालील मुले-मुली येतात. लैंगिक अत्याचाराची बाब पुढे आल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणे बंधनकारक असते. मूल्यांकनासाठी नॅकला (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेला) पाठवायच्या अहवालात भेटींची संख्या देता येते, नावे नव्हेत. खरी अडचण कायद्याबाहेरची आहे. बहुतेक ठिकाणी मानसशास्त्राचे प्राध्यापकच समुपदेशकाची जबाबदारी सांभाळतात. ज्यांच्या हाती अंतर्गत गुण आहेत, त्यांच्यासमोर मनातले बोलणे विद्यार्थ्याला जड जाते. त्यातून ते पाहुण्यांतले निघाले, तर विषयच संपतो. विद्यार्थ्यामागे पालक-शिक्षक, म्हणजे त्याची विचारपूस करणारा एक शिक्षक, नेमण्याची पद्धत पहिली चाहूल लागण्यासाठी चांगली आहे, पण तिला समुपदेशनाची जागा देणे ही सोयीची पळवाट होय.

आत्महत्येचा धोका : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे; विचारल्याने बहुधा सुटकाच वाटते. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेतील जुने कलम ३०९ राहिले नाही. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने गोष्ट दडपण्याची सवय घरोघरी अजून आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी जोडून घ्यावे.

पुढे पाठवणे : आजार वाढलेला असल्यास विद्यार्थ्याला साताऱ्यातील जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाकडे पाठवतात, व्यसनाच्या बाबतीत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकारातून साताऱ्यात उभी राहिलेली ‘परिवर्तन’ ही संस्था परिचित आहे. नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही, कारण घरचे लोक दरम्यान देवऋषाकडे जाऊन आलेले असतात आणि अंगाऱ्याबरोबर गोळ्या चालतील का, हा त्यांचा प्रश्न असतो. अंगाऱ्यावर वाद घालण्यापेक्षा गोळ्या चुकवू नका, एवढेच त्या घडीला सांगणारे समुपदेशक अधिक यशस्वी होतात, असे दिसते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य मिळते. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत केंद्र बंद असते तेव्हा तिचाच आधार. मात्र गावातील दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोललेले सगळ्यांना ऐकू जाते, म्हणून जावळी किंवा पाटणच्या खोऱ्यातला विद्यार्थी त्यासाठी रेंज येणारी टेकडी नाहीतर रानातली विहीर गाठतो.