उंची बदलणारं टेबल नेमकं काय देतं?

बटण दाबलं की वर-खाली होणारी टेबलं आता पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत दिसतात आणि घरून काम करणाऱ्यांच्या खोल्यांतही पोचली आहेत. ती विकताना वजन उतरण्याचं गाजर हमखास दाखवलं जातं. तो मुद्दा आधी निकालात काढू. ४६ अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१८ मध्ये हिशेब मांडला गेला. बसण्यापेक्षा उभं राहिल्यानं मिनिटाला सरासरी ०.१५ किलोकॅलरी जास्त खर्च होतात, असं त्यातून निघालं. म्हणजे ६५ किलो वजनाच्या माणसानं रोजचे सहा तास बसण्याऐवजी उभ्यानं काढले, तर जादा खर्च साधारण ५४ किलोकॅलरी. एका पोळीतसुद्धा याहून जास्त असतात. फक्त वजनासाठी एवढे पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मान आणि पाठ दुखत असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात बैठं काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर एक छोटा प्रयोग झाला. काहींना चार आठवडे उंची बदलणारी सोय दिली, काहींना दिली नाही. ज्यांना मिळाली त्यांचं बसणं दिवसाला ६६ मिनिटांनी घटलं आणि पाठीच्या वरच्या भागातलं व मानेचं दुखणं ५४ टक्क्यांनी कमी झालं. मग ती सोय काढून घेतली. दोन आठवड्यांत बराचसा फायदा ओसरला. प्रयोगात माणसं मोजकीच होती, पण हा शेवटचा भाग मला फार बोलका वाटतो.

असं का होतं? लॅपटॉपकडे पाहताना डोकं पुढे झुकतं आणि ते तोलून धरण्यासाठी मानेचे नि खांद्यांचे तेच ते स्नायू तासन्‌तास आवळलेले राहतात. उभं राहिलं की भार दुसऱ्या स्नायूंवर जातो. कण्याचंही काहीसं असंच आहे. स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा आधार न घेता बसल्यावर तो उभ्यापेक्षा जास्त भरला. बसणं वाईट, हे त्यानंतर गृहीतच धरलं गेलं. पण १९९९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीतला दाब दिवसभर मोजला आणि खुर्चीत रेलून बसल्यावर तो उभ्यापेक्षा कमी निघाला. चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिथल्या पेशींना पोषण आजूबाजूच्या हाडांतून झिरपत मिळतं, आणि भार कमीजास्त होताना चकतीतलं पाणी बाहेर जातं, परत आत येतं. म्हणून कुठली तरी एक आदर्श बैठक शोधत बसण्यापेक्षा बैठक मोडत राहणं कण्याला जास्त मानवतं.

रक्तातल्या साखरेची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे, कारण भारतात मधुमेहाचे रुग्ण आता १० कोटींच्या वर गेले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड डन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वजन जास्त असलेल्या १९ जणांना गोड पेय देऊन पाच तास बसवलं. दुसऱ्या एका दिवशी त्याच लोकांना दर २० मिनिटांनी दोन मिनिटं सावकाश चालायला लावलं. एवढ्यानं खाण्यानंतरची साखर जवळपास पाव हिश्शानं कमी चढली. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर आत ओढून घेतो. नुसत्या उभं राहण्याचा परिणाम यापेक्षा बराच सौम्य असतो. तरी उभा असलेला माणूस प्रिंटरपर्यंत, पाण्यापर्यंत, शेजारच्या सहकाऱ्यापर्यंत सहज चालत जातो. बसलेल्याला त्यासाठी आधी उठावं लागतं.

मग दिवसभर उभंच राहावं का? मुळीच नाही. पोटरीचे स्नायू चालताना आकुंचन पावून पायातलं रक्त वर ढकलतात. एका जागी खिळून उभं राहिलं की हा पंप मंदावतो आणि रक्त खाली साचतं. ब्रिटनमधल्या ८३ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२४ मध्ये आला. जास्त उभं राहिल्यानं हृदयविकार किंवा पक्षाघाताचा धोका कमी झालेला त्यात दिसला नाही. उलट, रोज दोन तासांपलीकडे उभं राहणाऱ्यांत पायांच्या फुगलेल्या शिरांसारख्या रक्ताभिसरणाच्या तक्रारी वाढत गेल्या. केरळमध्ये कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांना हे अहवालाविना ठाऊक होतं. दिवसभर उभं ठेवलं जाण्याविरुद्ध त्या लढल्या आणि २०१८ मध्ये राज्याला कायदा बदलून त्यांना बसण्याचा हक्क द्यावा लागला. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तसा कायदा केला. ऑफिसातल्या माणसानं वर-खाली टेबल मागणं आणि दुकानातल्या बाईनं स्टूल मागणं, ही मला एकाच हक्काची मागणी वाटते.

टेबल घेतलं, पण ते कायम खालीच राहिलं, हा अनुभव पुष्कळांचा आहे. इंग्लंडमधल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांवरच्या २०२२ च्या चाचणीत काहींना सवय बदलण्यासाठी मार्गदर्शन, उद्दिष्टं आणि आठवण देण्याची साधनं मिळाली. त्यांचं बसणं वर्षभरानंतर दिवसाला सुमारे २२ मिनिटांनी कमी होतं. ज्यांना या सगळ्यासोबत टेबलही मिळालं, त्यांचं ६४ मिनिटांनी. टेबलानं एवढा फरक पडतो.

सुरुवातीला २०-३० मिनिटं उभं राहणं पुरे. जेवणानंतरची वेळ त्यासाठी चांगली. पाय दुखले की बसा, आणि पायांच्या शिरांचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. टेबलाची उंची कोपराइतकी हवी, म्हणजे टाइप करताना खांदे उचलले जाणार नाहीत. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. लॅपटॉपवर या दोन्ही गोष्टी एकदम जमत नाहीत, तेव्हा वेगळा कीबोर्ड घ्या आणि लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवा. अनवाणी फरशीवर उभं राहण्याऐवजी मऊ चप्पल किंवा जाड सतरंजी वापरा. विकत घेण्यापूर्वी टेबल किती खाली येतं तेही पाहा. बरीच टेबलं ७० सेंटिमीटरच्या आसपास थांबतात, आणि पाच फूट उंचीच्या व्यक्तीला बसून काम करायला ती उंचच पडतात. मग खुर्ची वर घ्यावी लागते, पाय लोंबकळतात, आणि पायाखाली पाट ठेवावा लागतो.