लोखंडी चाकू आणि स्टीलचा चाकू: दोन्ही पोलादच

डाळिंबाच्या बागेत चाकू बाहेर काढला की शेजारचा पहिलं हेच विचारतो, "लोखंडी का स्टीलचा?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच निकाल देऊन टाकतो: धार लोखंडालाच, स्टील नुसतं चकचकीत. आमच्या सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याकडं ऐका नाहीतर मोहोळकडं, वाक्य तेच. ते अर्धंच खरं आहे, आणि त्यापायी माणसं चुकीचा चाकू घेऊन वर्षभर चिडत बसतात, म्हणून एकदाचं नीट लिहितो.

मी बोलतोय ते चार बोटं पात्याच्या, न मिटणाऱ्या छोट्या चाकूबद्दल. ठिबकची नळी कापायची, सुतळी तोडायची, खताची गोणी उघडायची, दाण्याचा रंग बघायला डाळिंब फोडायचं, एवढंच त्याचं काम. घडीचा चाकू मी शेतात नेत नाही. सांध्यात माती आणि रस जाऊन तो आखडतो. पात्याच्या पाठीवर करवतीचे दाते असलेले काळे 'मिलिटरी' चाकू तर अजिबात घेऊ नका. ते दाते धड लाकूड कापत नाहीत, आणि पाठीवर अंगठा ठेवून जोर द्यायची सोय मात्र जाते. मूठ लाकडाची की प्लास्टिकची यावर वाद घालण्यात अर्थ नाही, घामेजल्या हातातून निसटली नाही म्हणजे झालं.

लोखंडी चाकू सगळ्यांच्या ओळखीचा. लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून ठोकून काढलेला, दगडावर चार हात मारले की पुन्हा लागणारा, ओला ठेवला की गंजणारा.

खरा घोळ शब्दात आहे. आपण 'स्टील' म्हणतो ते भांड्याचं, न गंजणारं. बाकी सगळं आपल्याला 'लोखंड'. पण ट्रकचा पाटा हे नुसतं लोखंड नाही, ते पोलाद आहे, त्यात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो. लालबुंद तापवून तेलात बुडवल्यावर पातं कडक होतं ते या कार्बनमुळं. नुसत्या मऊ लोखंडाला लोहाराने कितीही पाणी दिलं, म्हणजे असं तापवून बुडवलं, तरी धार टिकत नाही. गंज अडवायचं काम क्रोमियमचं. ते साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर धरतं, आणि ओरखडा पडला तरी हवेत तो थर पुन्हा तयार होतो. म्हणजे धारेचा मालक कार्बन, गंजाचा क्रोमियम.

आता घरातली स्टीलची वाटी घ्या. चांगल्या भांड्यात १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि कार्बन जेमतेम ०.०८ टक्क्यांपर्यंत. तिला पाणी देऊन कडक करताच येत नाही. 'स्टीलला धार राहत नाही' हे आपण या वाटीवरून शिकलो आणि चाकूला लावलं. स्वीडनच्या मोरा चाकूंमध्ये न गंजणारं १२सी२७ पोलाद वापरतात. त्यात क्रोमियम साडेतेरा टक्के आणि कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास. पाट्याइतकाच! मग धारेत लोखंड-स्टील असं अंतर उरतं कुठं? अंतर पडतं ते स्वस्त चाकूत, जिथं कार्बन त्याच्या निम्मा असतो किंवा पाणी नीट दिलेलं नसतं. तसं फसवं पातं लोहाराकडूनही मिळतं.

आणि कृपा करून चुंबक लावून बघणं थांबवा. "चुंबक चिकटला, म्हणजे गंजणार" असं सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही छातीठोक सांगतात. भांड्याच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, पण कडक केलेल्या न गंजणाऱ्या पात्याला चिकटतोच. बघायचंच असेल तर मुठीजवळ कानस हलकेच फिरवा. वाटीवर रुतते तशी सहज रुतली तर पातं मऊ आहे, मग नाव काहीही असो.

दुसरी चीड ग्राइंडरची. माझा एक चांगला चाकू वेल्डिंगच्या दुकानात धार लावताना असाच गेला. ठिणग्या थांबल्यावर कडेला नखाएवढी निळी झाक दिसली. ती निळाई म्हणजे तिथं तापमान तीनशे अंशांच्या घरात गेलं, पाणी उतरलं. पुढं तेवढीच जागा दर दोन दिवसांनी बोथट व्हायची. ओला दगड घ्या, वेळ द्या.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत ज्वारीच्या रानात पाट्याचा चाकू वर्षानुवर्षं टिकतो. तेलाचं बोट फिरवून ठेवलं की झालं. डाळिंबाच्या बागेत मात्र मी ठामपणे न गंजणारा घ्या म्हणेन. सालीत टॅनिन भरपूर असतं, ते लोखंडाशी भिडलं की पातं काळंनिळं पडतं आणि डाग दाण्यालाही लागतो. ती काळी झाक म्हणजे गंज नव्हे, घासून काढायची गरज नाही. तांबडी पूड दिसली तर मात्र लगेच काढा. त्यात तेल्या, म्हणजे डाळिंबाचा जिवाणूचा रोग, असेल तर झाडागणिक हत्यार सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (क्लोरीनचं जंतुनाशक) बुडवावं लागतं, आणि त्यात लोखंडी पातं पार खराब होतं. न गंजणाऱ्यालाही क्लोरीन सोसत नाही, बारीक खड्डे पडतात. म्हणून काम संपलं की साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं.

तरी जुना पाट्याचा चाकू टाकून देऊ नका, बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण, करताना तोच लागतो. घासून लख्ख केलेलं पातं मिश्रणात थोडा वेळ बुडवायचं. वर तांब्याचा तांबूस थर चढला तर मोरचूद (कॉपर सल्फेट) मोकळा आहे, अजून चुन्याची निवळी घालायची. ही परीक्षा स्टीलच्या पात्यावर भरवशाची नाही. माझा तो पाट्याचा चाकू त्यासाठीच चुन्याच्या पिंपाशेजारी खिळ्याला टांगलेला असतो.